आधी मोटर टांगा, मग पळा

एप्रिलमधल्या दुपारी नगरच्या माळावर पारा ३८ अंशांच्या पुढे जातो. हा माळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच. उंची आणि ऊन यांचा एकत्र हिशेब मांडला, तर त्या वेळी तिथली हवा प्रमाण वातावरणातल्या सुमारे १६४० मीटर उंचीइतकी विरळ झालेली असते. अकोले तालुक्यातल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे. म्हणजे तुम्ही उभे आहात सपाट माळावर, पण इंजिनाला आणि विंगला मिळणारी हवा राज्यातल्या सर्वांत उंच शिखराच्या मापाची. डिसेंबरात सकाळी सातला, १२ अंशांवर, त्याच जागी हा हिशेब ७०० मीटरच्या आसपास येतो. शेत तेच, मोटर तीच. दोन ऋतूंत हवेच्या घनतेत सुमारे नऊ टक्क्यांचा फरक.

पॅरामोटर शिकणाऱ्याचा टेकऑफ फसला, की तो दोष पायांना देतो, नाहीतर वाऱ्याला. अजून जोरात पळायला हवे होते, ऐन वेळी झुळूक पडली, वगैरे. पाय आणि वारा यांचा वाटा असतोच. पण भलत्या ऋतूत जुळवलेला कार्ब्युरेटर, दुसऱ्याच्या बांध्याला बसवलेला हार्नेस आणि डावा-उजवा वेगळा राहिलेला ट्रिमर घेऊन कितीही पळाले तरी टेकऑफ साधत नाही. साधला तर नशिबाने. म्हणून या लेखात पळण्याची गोष्ट उशिरा येईल. आधी मोटर, मग ती अंगावर कशी बसते ते, मग विंग.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. लेख वाचून कुणी उडायला शिकत नाही. प्रशिक्षकाच्या नजरेखाली शिकणे याला पर्याय नाही. आपल्याला जवळ पडणारे ठिकाण म्हणजे पुणे जिल्ह्यातले कामशेत. तिथे १९९० च्या दशकापासून पॅराग्लायडिंग शिकवले जाते. हा लेख आहे तो शिकत असलेल्यांसाठी, आणि शिकून घरी परतल्यावर आपल्या तालुक्यात सराव करणाऱ्यांसाठी.

इंजिन, पेट्रोल आणि कार्ब्युरेटर

टू-स्ट्रोक इंजिन नगरला नवे नाही. कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना १९७२ साली बाजारात आली आणि नगरच्या कारखान्यातून देशभर गेली. प्लग काढून त्याचा रंग बघणे, ऑइल मापून पेट्रोलमध्ये मिसळणे, सायलेन्सरमधला कार्बन काढणे, हे इथल्या जुन्या मेकॅनिकांच्या हातात बसलेले आहे. त्या हातांचा उपयोग करून घ्या. पण फरकही लक्षात असू द्या. लुना वाटेत बंद पडली तर पायडल मारत घर गाठता येई. पॅरामोटर बंद पडली की खाली जे असेल तिथे उतरावे लागते. शिवाय लुना ५० सीसीची. पॅरामोटरमध्ये सर्रास दिसणारे इटालियन बनावटीचे व्हिटोराझी मॉस्टर इंजिन १८५ सीसीचे आणि सुमारे २५ अश्वशक्तीचे. टेकऑफला आणि वर चढताना ते सात-आठ हजार फेऱ्यांवर सलग काही मिनिटे चालते. एवढ्या लहान इंजिनातून एवढे काम काढून घेतले की सैल नट, चिरलेले रबर, थोडे कमी पडलेले ऑइल, काहीही माफ होत नाही.

ऑइलचे प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. बहुतेक इंजिनांना २ ते २.५ टक्के लागते, म्हणजे १० लिटरला २०० ते २५० मिली. नव्या इंजिनाच्या पहिल्या काही तासांसाठी पुस्तिका वेगळे प्रमाण सांगत असेल तर ते पाळा. मिश्रण अंदाजाने करू नका, मापाचे भांडे ठेवा, आणि कॅनवर तारीख व प्रमाण लिहून ठेवा. न लिहिलेला कॅन म्हणजे कदाचित ऑइल न घातलेला कॅन, असे समजून बाजूला ठेवा.

पेट्रोलबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून नगर जिल्हा उसाचा म्हणून ओळखला जातो. आज इथल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून इथेनॉल बाहेर पडते. ऊस उत्पादकाला त्याचा आधार आहे. पॅरामोटरच्या कार्ब्युरेटरला मात्र त्याची झळ बसते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. ते रबराच्या नळ्या कडक करते किंवा फुगवते, आणि डायफ्रॅमची लवचीकता घालवते. त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रणही थोडे पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. उपाय साधे आहेत. मिश्रण दोन-तीन आठवड्यांपेक्षा जुने वापरू नका. पंधरा दिवस उडणार नसाल तर टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरमधले इंधन संपेपर्यंत इंजिन चालवून बंद करा. पेट्रोलची नळी वाकवून बघा; वाकताना तडा दिसला, किंवा जोडापाशी ती कडक लागली, तर लगेच बदला. डायफ्रॅमचा संच दरवर्षी पावसाळा संपताना नवा घाला. हा खर्च वाचवण्यासारखा नाही.

आता कार्ब्युरेटर. गरम, विरळ हवेत इंजिनाला हवा कमी मिळते, म्हणून मिश्रण घट्ट होते: आवाज जड, बोजड येतो, प्लग काळा पडतो, जोर कमी लागतो. थंड, घन हवेत उलटे होते. मिश्रण पातळ पडते, इंजिन ऐकायला छान, मोकळे वाटते, आणि आतून तापत जाते. धोका इथे आहे. एप्रिलमधल्या दुपारी कुणी कार्ब्युरेटरची सुई फिरवून इंजिन अगदी खणखणीत जुळवले आणि नंतर डिसेंबरच्या पहाटे तसेच सुरू केले, तर पिस्टन जाम होण्याची वेळ येते, तीही नेमकी पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे जमिनीपासून वीस-तीस मीटरवर असताना. म्हणून ज्या हवेत उडायचे त्या हवेत जुळवा. मुंबई-गोव्याहून, समुद्रसपाटीवर जुळवलेली वापरलेली मोटर विकत आणली असेल तरी नगरला ती नव्याने जुळवावी लागते. पेट्रोल बदलले तरी पुन्हा.

जुळवण्याआधी इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. हार्नेसची बाजू झाडाच्या जाड बुंध्याला टेकवून मोटर घट्ट बांधा, म्हणजे पंख्याचा रेटा तिला बुंध्यावरच दाबून धरेल. पंख्याच्या पातळीत, म्हणजे त्याच्या दोन्ही बगलांना, कुणीही उभे राहू नये. पाते तुटले तर तुकडा त्याच दिशेने जातो. सुई एका वेळी पूर्ण फेऱ्याच्या आठव्या भागापेक्षा जास्त फिरवू नका, आणि प्रत्येक वेळी थोडे थांबून ऐका. सगळ्यात जास्त फेरे जिथे मिळतात ती जागा सापडली की तिथून किंचित घट्ट बाजूला या आणि तिथेच थांबा. फेरे मोजायला टॅकोमीटर आणि हेडचे तापमान दाखवणारा मीटर असेल तर कानाला आधार मिळतो. अधल्यामधल्या थ्रॉटलवर इंजिन अडखळत असेल तर सुईकडे वळण्याआधी हवेची गळती शोधा: इनटेकचे रबर, रीड व्हॉल्व्हची बाजू, प्रायमरचा फुगा, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र. गळती तशीच ठेवून सुई फिरवत बसलात तर आजार झाकला जातो, बरा होत नाही.

प्लग काढून बघण्याची सवय ठेवा. दुधाच्या चहासारखा तपकिरी रंग ठीक. पांढुरका म्हणजे मिश्रण पातळ, उडू नका. काळा आणि ओला म्हणजे घट्ट.

पंख्याकडे येऊ. १२५ सेंटिमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याचे टोक ताशी ७०० किलोमीटरच्या वेगाने जात असते. एवढ्या वेगात मुरमाचा एक खडा टोकाला लागला तरी टवका उडतो, आणि टवका उडालेला पंखा इंजिनाच्या प्रत्येक बोल्टला हादरे देतो. टोकांवर बोट फिरवा. लहान ओरखडा इपॉक्सीने भरून, घासून, तोल पुन्हा बघता येतो. चीर मुळाकडे जात असेल तर पंखा टाकून द्यावा. लाकडी पंख्याचे बोल्ट पावसाळ्यानंतर आणि पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडी तपासा, कारण लाकूड ओलाव्याने फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. बोल्ट समोरासमोरचे, आलटून-पालटून, टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या आकड्यावर आवळा. पान्याच्या अंदाजाने आवळलेला बोल्ट एकतर सैल राहतो, नाहीतर लाकूड चिरडतो.

सायलेन्सर हा पॅरामोटरचा वारंवार मोडणारा भाग. त्याच्या स्प्रिंगा, रबरी माउंट, वेल्डिंगचा सांधा यांवर प्रत्येक उड्डाणानंतर, इंजिन थंड झाल्यावर, हात फिरवायचा. स्प्रिंग तुटली तर ती सरळ मागे पंख्यात जाते. म्हणून तारेने बांधून ठेवा. प्रत्येक महत्त्वाच्या नटावर रंगाची एक रेघ ओढा. रेघ सरकलेली दिसली की नट सैल झाला हे लांबूनही कळते. एवढी शिस्त ठेवली तर ही यंत्रे किती साथ देतात याचे उदाहरण आपल्या वायुसेनेचेच आहे. २०१६ मध्ये वायुसेनेच्या तुकडीने ‘प्रदक्षिणा’ मोहिमेत पॅरामोटरवर दहा हजार किलोमीटरहून अधिक प्रवास केला.

टांगून बघणे

घरी आणलेल्या मोटरबाबत सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे काम हे आहे. मोटर पाठीला लावून जमिनीवर उभे राहिल्यावर ती जशी वाटते, हवेत लटकल्यावर तशी नसते. जमिनीवर वजन खांद्यांवर असते. हवेत ते कॅराबिनरांवर जाते आणि मोटरचा कोन बदलतो. हा कोन हवेत पहिल्यांदा कळावा, अशी वेळ कुणावर येऊ नये.

जाड लिंबाची किंवा चिंचेची आडवी फांदी, अथवा शेडचा लोखंडी गर्डर बघा. दोन सारख्या लांबीच्या मजबूत दोऱ्या, विंगच्या रायझरइतक्या अंतरावर बांधा. आधी स्वतःच्या आणि मोटरच्या एकत्र वजनाची पोती लटकवून आधार तपासा. प्लगची टोपी काढून ठेवा. टाकी अर्धी भरा, कारण भरलेल्या आणि रिकाम्या टाकीने तोल वेगवेगळा येतो. सोबत एक माणूस हवाच. त्याने बाजूने फोटो काढावेत.

फोटोत पंख्याची वरची कड किंचित मागे झुकलेली दिसायला हवी, साधारण ५ ते १० अंश. अगदी सरळ किंवा पुढे कललेली असेल तर टेकऑफला मोटर तुम्हाला तोंडावर ढकलेल आणि हवेत गेल्यावर सीटमध्ये सरकता येणार नाही. फार मागे झुकलेली असेल तर पूर्ण थ्रॉटलला ते आणखी वाढते, आणि अंग एका बाजूला पिळले जाते. हँगपॉइंटचे बार किंवा पट्ट्या एकेक भोक पुढे-मागे करून हा कोन मिळतो. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा.

पिळण्याचे कारण समजून घ्या. मागून बघताना पंखा घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असेल, तर त्याची प्रतिक्रिया, म्हणजे टॉर्क, तुमचे अंग घड्याळाच्या दिशेने फिरवू बघते. उजवी बाजू दबते आणि विंग उजवीकडे वळू लागते. पंख्याची दिशा उलट असेल तर वळणही उलट. हे कमी करायला काही मोटरांत हँगपॉइंट एका बाजूला सरकवलेले असतात, काहींत तिरका पट्टा असतो. तो पट्टा कुठला, तो किती आवळायचा, हे टांगलेल्या अवस्थेतच शिकून घ्या. हवेत कधी अंग पिळू लागले तर आधी थ्रॉटल सोडायचा. ब्रेक ओढून विरोध करायला जाल तर कमी वेगात, पूर्ण जोरात, विंग आणि अंग वेगवेगळ्या दिशांना जाऊन रायझरला पीळ पडतो.

लटकलेले असतानाच आणखी तीन गोष्टी करून घ्या. हात न लावता, गुडघे उचलून सीटमध्ये बसता येते का ते बघा. येत नसेल तर सीटचा पट्टा लांब-आखूड करा. ब्रेकचे हँडल हाताला सहज लागते का, आणि ट्रिमर पूर्ण उघडल्यावरही हात वर असताना ब्रेकच्या दोऱ्या काही सेंटिमीटर सैल राहतात का ते तपासा. ओढून ठेवलेला ब्रेक घेऊन उडणे हा छुपा धोका आहे. आणि डोळे मिटून रिझर्व्ह पॅराशूटचे हँडल शोधा. हे हँडल दिसायला जवळ असते, पण मोटर, थ्रॉटलची केबल आणि जॅकेट यांच्या गर्दीत हात चुकतो. रिझर्व्ह उत्पादक सांगेल त्या मुदतीत, म्हणजे साधारण सहा महिने ते वर्षात, जाणकाराकडून पुन्हा घडी करून घ्या. दमट पावसाळा पेटीत काढलेल्या रिझर्व्हवर विसंबू नका.

विंग आणि आपली जमीन

इथली जमीन विंगला सोपी नाही. ज्वारी काढलेल्या रानातली धसकटे दोऱ्यांचे आवरण सोलतात. माळावरची कुसळे कापडात शिरून राहतात, सराटे दोऱ्यांच्या जुडग्यात अडकतात, बाभळीचा एक काटा कापडाला बोटभर फाडतो. सरावाच्या जागेवर मोठी ताडपत्री नेऊन तिच्यावर विंग पसरा. हा खर्च एका दोरीच्या बदलीपेक्षा कमी आहे. विंग धसकटांवरून ओढत न्यायची नाही, गोळा करून उचलायची. हिवाळ्यात दव असते. भिजलेली विंग जड होते, सावकाश वर येते आणि हवेत नीट वागत नाही. ती घरी नेऊन सावलीत वाळवा. उन्हात नको, कारण नायलॉनचे आयुष्य ऊनच खाते.

ठेवायची जागा उंदरांपासून आणि खत-औषधांपासून लांब हवी. खताच्या गोण्या, फवारणीची औषधे किंवा ट्रॅक्टरची बॅटरी जिथे असते तिथे विंगची पिशवी ठेवू नका. उंदराने कुरतडलेली एक दोरी बाहेरून दिसत नाही. प्रत्येक दोरी वर्षातून एकदा बोटांतून पूर्ण सरकवून बघा, आणि ट्रिमरच्या डाव्या-उजव्या खुणा जुळतात की नाही ते प्रत्येक उड्डाणाआधी बघा. एका बाजूचा ट्रिमर दोन बोटे पुढे असला, तर माणूस टॉर्कला शिव्या देत बसतो आणि दोष तिथे नसतोच.

पळण्याचा सराव

आता धाव. सराव टप्प्याने करा: आधी नुसती विंग, मोटर नाही. मग मोटर पाठीवर, इंजिन बंद. मग इंजिन चालू पण संथ फेऱ्यांवर. थ्रॉटल सर्वांत शेवटी. पहिला टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक तो घाईने उरकतात, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यात त्याची किंमत मोजतात. संध्याकाळच्या हलक्या, एकसारख्या वाऱ्यात विंगकडे तोंड करून तिला डोक्यावर धरून ठेवा. चार पावले डावीकडे, चार उजवीकडे न्या. तिच्याकडे न बघता, फक्त हार्नेसच्या ओढीवरून ती कुठे झुकते आहे ते ओळखता येऊ लागले, की तुम्ही पुढच्या टप्प्याला तयार आहात.

ताशी ८-१० किलोमीटरपेक्षा कमी वारा असेल तर तोंड पुढे करून टेकऑफ. त्याहून जास्त असेल तर विंगकडे वळून ती उचलायची आणि मग फिरायचे. ताशी १८-२० च्या वर नवख्याने मोटर सुरूच करू नये. आपल्याकडे थंडीत पहाटे वारा अनेकदा शून्य असतो. म्हणून पुढे तोंड करूनचा, बिनवाऱ्याचा टेकऑफ हाच इथल्या पायलटचा खरा धडा आहे. तो सर्वांत अवघडही आहे.

विंग कमानीसारखी, मध्यभाग मागे ठेवून पसरा. दोऱ्या मोकळ्या आहेत, जमिनीवरच्या काडी-काट्यात अडकलेल्या नाहीत, हे दोन्ही बाजूंनी चालत जाऊन बघा. मोटर सुरू करताना थ्रॉटल हातात आणि बोट किल स्विचवर. किल स्विच चालतो का हे प्रत्येक वेळी सुरू केल्यावर एकदा बंद करून तपासा. जमिनीवर ठेवलेली मोटर एका हाताने सुरू करताना थ्रॉटल अडकून ती पुढे येणे आणि हात पंख्यात जाणे, हा या खेळातल्या गंभीर इजांचा नेहमीचा प्रकार आहे. गावात मोटरचा आवाज झाला की मुले धावत येतात. त्यांना आवरायला एक मोठा माणूस नेमलेला असल्याशिवाय सुरू करू नका.

मग मधोमध उभे राहा, ए रायझर हातांत, कोपरे सैल, छाती ताठ. दोऱ्या ताणल्या जाईपर्यंत एक-दोन पावले, आणि मग न थांबता धाव. सुरुवातीला सर्वांत मोठी चूक पुढे वाकण्याची होते. वाकलात की पंख्याचा वारा आणि रेटा खाली-वर फिरतो, आणि विंगला जी एकसारखी ओढ हवी ती तुटते. दुसरी चूक घाईच्या थ्रॉटलची. विंग अजून मागे असताना जोर दिला तर दोऱ्या पिंजऱ्याच्या बाजूने पंख्याकडे ढकलल्या जातात. विंग डोक्यावर येत असल्याचे हार्नेसवर जाणवले की ए रायझर सोडा, ती पुढे झेपावत असेल तर ब्रेकचा हलका स्पर्श द्या, मान वर करून एकदा बघा. ती सरळ आहे, भरली आहे, दोरी कुठे अडकलेली नाही. मगच थ्रॉटल, हळूहळू पूर्णापर्यंत, आणि पाय चालूच.

या नजरेच्या क्षणाला सरावात सर्वांत जास्त वेळ द्या. इथेच ठरते: जायचे की मोडायचे. विंग तिरकी असेल तर तिच्या खाली धावत जाऊन सावरा. सावरली नाही तर मोडा. मोडायचे म्हणजे आधी थ्रॉटल शून्य, मग किल स्विच, मग ब्रेक. हा क्रम अंगात मुरेपर्यंत, विंग छान आली असतानाही, मुद्दाम मोडण्याचा सराव करा. मोडायची सवय नसलेला माणूस वाईट टेकऑफ पूर्ण करायला जातो.

पाय जमिनीवरून सुटले की लगेच बसू नका. पाय खाली, चालते ठेवा. विंग पुन्हा टेकवू शकते. हात वर. सरळ वाऱ्यावर चढत राहा. पन्नासेक मीटर होईपर्यंत वळण नाही, सीटमध्ये बसायची घाई नाही.

जागा, तारा, पाणी, परवानगी

हिशेब करून बघा. विंगचा वेग ताशी ४० किलोमीटर आणि चढण सेकंदाला २ मीटर धरली, तर ३० मीटर उंची मिळेपर्यंत तुम्ही सुमारे १६५ मीटर पुढे गेलेले असता. उन्हाळ्याच्या विरळ हवेत चढण दीड मीटरवर आली तर २२० मीटर. म्हणून वाऱ्याच्या दिशेला किमान ३०० मीटर तार, डीपी किंवा झाडांची रांग नसलेली जागाच निवडा. शेतपंपांच्या ११ केव्हीच्या तारा पहाटेच्या उजेडात दिसत नाहीत. खांब शोधा, तारा त्यांच्यामध्येच असतात. जागा आदल्या दिवशी उजेडात पायी फिरून बघा, कारण कठडा नसलेल्या विहिरी गवतात झाकलेल्या असतात.

शेततळ्यांबद्दल कळकळीने सांगतो. आपल्या जिल्ह्यात ती जागोजाग आहेत, प्लास्टिकचा कागद अंथरलेली, तिरक्या गुळगुळीत उतारांची. पंचवीस-तीस किलोची मोटर पाठीला बांधून, दोऱ्या पायात, अशा तळ्यात पडलेला माणूस चांगला पोहणारा असला तरी बाहेर येत नाही. टेकऑफच्या आणि उतरण्याच्या रेषेत शेततळे असेल तर ती जागा बाद. फ्रेमला लावायचे, पाण्यात पडताच आपोआप फुगणारे फ्लोट मिळतात, ते घ्या. मुळा धरणाच्या किंवा नाथसागराच्या पाण्यावरून, इंजिन बंद पडले तर काठ गाठता येणार नाही इतके आत, कधीही जाऊ नका. उभ्या उसातही उतरणे वाईट. विंग काढताना दोऱ्यांचे हाल होतात आणि शेतकऱ्याचे नुकसान होते, ते भरून द्यावे.

हवा ओळखायला आपल्याकडे एक चांगली खूण आहे: सुपे-पारनेर भागातल्या आणि खांडक्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या. हिवाळ्यात पहाटे जमिनीवर पान हलत नसते आणि शे-दीडशे मीटरवर चांगला वारा असतो. पवनचक्की फिरायला सेकंदाला साधारण ३ ते ४ मीटर वारा लागतो. खाली शांत असताना ती वेगाने फिरत असेल, तर वरचा वारा कुठून आहे हे तिच्या तोंडाच्या दिशेवरून बघा आणि टेकऑफची दिशा त्याप्रमाणे ठरवा. त्या टेकड्यांच्या जवळ मात्र जाऊ नका. मार्च ते मे सकाळी नऊनंतर उडू नये. नांगरलेल्या रानात वावटळी उठू लागतात. जून ते सप्टेंबर हा पश्चिमेच्या जोरदार वाऱ्याचा काळ दुरुस्तीचा समजा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सूर्योदयानंतरचे दोन तास, हा आपला मोसम.

परवानगीची बाब या जिल्ह्यात विशेष गंभीर आहे. नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांत लष्कराचे के. के. रेंज हे गोळीबाराचे मैदान आहे, शहरात चिलखती दलाचे आणि यांत्रिकी पायदळाचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि काकडीला २०१७ पासून शिर्डीचा विमानतळ चालू आहे. या सगळ्यांभोवतीचे आकाश तुमचे नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम, राज्याचे २०२१ चे साहसी पर्यटनाचे धोरण आणि स्थानिक पोलिसांचे आदेश हे तिन्ही तपासा. मोठ्या व्यक्तींच्या दौऱ्यांत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली ड्रोनबरोबर पॅराग्लायडर आणि पॅरामोटरवरही बंदी घातली जाते. पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत आधी सांगून, शेतमालकाची संमती घेऊन उडा. कर्जतजवळच्या रेहेकुरी अभयारण्यातल्या काळविटांवरून आणि पाणपक्ष्यांच्या थव्यांवरून कमी उंचीवर उडू नका, कळप बिथरतात.

अजून काहीच विकत घेतले नसेल, तर मोटर आणि विंग एकदम घेऊ नका. आधी प्रशिक्षकाच्या सल्ल्याने स्वतःच्या वजनाला योग्य विंग आणि हार्नेस घ्या, एक अख्खा हिवाळा नुसत्या विंगवर माळावर सराव करा, आणि बिनवाऱ्याच्या पहाटे ती दरवेळी सरळ डोक्यावर आणता येऊ लागली की मगच मोटरचे पैसे भरा.